तंबू घेण्याआधी फरशीवर आखून बघा

‘दोन माणसांचा’ म्हणून विकलेल्या तंबूत दोघं नीट मावतीलच असं नाही. वजनाचा आकडाही ब्रँड आपल्या सोयीचाच ठळक छापतात.

1. तुलना ‘पॅक्ड वेट’ची, म्हणजे पिशवीत भरलेल्या सगळ्या सामानासकट वजनाची करा. ‘ट्रेल वेट’मध्ये, म्हणजे तंबूच्या फक्त मुख्य भागांच्या वजनात, खुंट्या, दोऱ्या, पिशव्या बहुधा धरलेल्या नसतात.
2. तळाचं माप खडूने फरशीवर आखा. पायाकडे निमुळता असेल तर तसाच. त्यात झोपायच्या दोन मॅट टाकून खरोखर आडवे व्हा (हसू येईल, पण व्हाच). नेहमीची मॅट साधारण 51 सेंमी रुंद असते, म्हणजे 102 सेंमी तिथेच संपले.
3. मावलात तर वजन आणि किंमत, दोन्हींना दोनाने भागा, म्हणजे माणशी किती पडतं ते कळेल.

फक्त आखणीत भिंतींचा उतार कळत नाही. उंच माणसाने आतली उंची वेगळी बघावी.