तीन मिलिमीटरचा जॉब: माथेरानच्या इंजिनाची प्रतिकृती लेथवर घडवताना

आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढे टूलरूममधली बारा वर्षे गाठीशी असल्यामुळे, हौस म्हणून रेल्वे इंजिनाची प्रतिकृती करायला घेतली तेव्हा लेथचे, म्हणजे धातू फिरवून त्याला आकार देणाऱ्या यंत्राचे, काम हा त्यातला सोपा भाग असेल, अशी माझी समजूत होती. कारखान्यात पन्नास-साठ मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट रोज हाताखालून जात. इथे मात्र बॉयलरच्या बाजूने जाणारी कठड्याची दांडी धरून ठेवणारा खुंट करायचा होता: डोक्याला २.८ मिलिमीटरचा गोळा आणि खाली १.५ मिलिमीटर जाडीचा पाय. पहिले चार खुंट मोडले. पाचवा पार्टिंग होताना, म्हणजे सळईपासून कापून सुटा होताना, उडून ट्रेमधल्या पितळेच्या भुशात पडला आणि पितळेला चुंबक लागत नसल्याने तो शेवटपर्यंत सापडला नाही.

नेरळ–माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला आणि त्यावर ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची छोटी वाफेची इंजिने धावत. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. रुळांमधले मूळ अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. १:१९ या प्रमाणात ते ३२ मिलिमीटर होते आणि या रुंदीचे रूळ मॉडेलवाल्यांमध्ये प्रचलित असल्याने मी हेच प्रमाण धरले. नवशिक्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की प्रमाणाने मापे लहान होतात, पण फिट, म्हणजे दोन भागांमधली सूट, लहान होत नाही. धुरांड्याची उंची ०.१ मिलिमीटरने चुकली तर मूळ इंजिनाच्या हिशेबाने ती जेमतेम दोन मिलिमीटरची चूक असते आणि कोणाच्याही नजरेस येत नाही; परंतु तीन मिलिमीटरचा आस आपल्या भोकात नीट फिरायचा असेल, तर तिथे दोन-तीन शतांश मिलिमीटरचीच सूट द्यावी लागते. त्यामुळे कोणते माप मायक्रोमीटरने तपासायचे आणि कोणते डोळ्यांनी, हे ड्रॉइंगवर आधीच खूण करून ठरवलेले बरे.

त्या खुंटाकडे परत येतो. माझी चूक कारखान्याच्या सवयीची होती. तीन मिलिमीटरच्या पितळी सळईवरून मी हलके हलके तीन कट घेत होतो आणि दुसऱ्या कटानंतर बारीक झालेला पाय टूलच्या दाबाने वाकून मागे सरकत होता. बारीक कामात याच्या उलट करावे लागते. धारदार टूल घेऊन मोकळ्या टोकाकडून एकाच कटात, म्हणजे ०.७५ मिलिमीटर खोलीवर, थेट शेवटचा व्यास काढायचा. त्यामुळे टूलच्या मागे नेहमी पूर्ण जाडीची सळई आधाराला राहते. क्रमही बदलावा लागला. कठड्याची दांडी ज्यातून जाते ते आडवे भोक आधी, तेही लेथबाहेर, एका छोट्या लोखंडी जिगमध्ये (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्यात) सळई अडकवून पाडायचे. मग सळई कॉलेटमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी सारखी आवळणाऱ्या पकडीत, धरून नऊ-दहा मिलिमीटरच बाहेर ठेवायची, पाय टर्न करायचा, त्यामागचा गोळा फॉर्म टूलने (त्याच आकाराची धार असलेल्या टूलने) काढायचा आणि गोळ्याच्या मागून पार्टिंग करायचे. पार्टिंगपूर्वी टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) ड्रिल चकमध्ये दोन मिलिमीटर भोकाची नळी धरून ती पायावर सरकवली की सुटा झालेला खुंट नळीतच राहतो. या युक्तीनंतर माझा एकही खुंट हरवलेला नाही.

टूलची उंची जॉबच्या, म्हणजे कापायच्या वस्तूच्या, मध्याशी न जुळणे हा मोठ्या जॉबवर खपून जाणारा दोष इथे लगेच दिसतो. सहा इंची पट्टी टूलचे टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच दाबून पाहावी. ती सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. पितळेसाठी टूलच्या वरच्या पृष्ठाला उतार ठेवू नये, अन्यथा टूल जॉबमध्ये घुसते. ड्रिलही याच कारणाने पितळेत अचानक ओढले जाते, म्हणून त्याच्या दोन्ही धारा ऑइलस्टोनवर किंचित सपाट करून घ्याव्यात. वेगाची फार चिंता करू नये. मिनिटाला ६० मीटर हा कटिंग स्पीड धरला तर तीन मिलिमीटर व्यासाला सहा हजारांहून अधिक फेरे हवेत. माझा जुना, साडेचार फुटी लेथ नऊशेच्याही खालीच राहतो. तरीही टूलला धार असेल तर पितळ स्वच्छ कापले जाते.

धुरांड्याने वेगळाच धडा दिला. बाहेरचा आकार पूर्ण करून मी ते थ्री-जॉ चकमध्ये (तीन जबडे एकत्र सरकणाऱ्या पकडीत) उलटे धरले आणि बोअर केले, म्हणजे आतून कापले, तेव्हा भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आली. डायल गेज लावून पाहिले तर दीड दशांश मिलिमीटरचा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासूनची डगमग, होता. ज्या दोन पृष्ठांचे केंद्र एकच हवे, ती एकाच पकडीत करावीत. ते शक्यच नसेल तर फोर-जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या पकडीत) डायल लावून जॉब मध्यावर आणावा, आणि त्यात अर्धा तास गेला तरी कुरकुर करू नये. सहा चाकांना हीच पद्धत लावली. प्रत्येक चाकाची मागची बाजू फेस करून (सपाट कापून) भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) पुरे केले. मग चकमध्येच एक मँड्रेल (चाक चढवायचा दांडा) टर्न करून तो न काढता सहाही चाके एकामागून एक त्यावर चढवली आणि क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) एकाच आकड्यावर शेवटचा कट घेतला.

लेथ विकत घेण्याची घाई नको; ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रविवारी मशीन मिळाले तरी पुरे. पहिला खर्च कॉलेट चक, ०.०१ मिलिमीटरचा डायल गेज आणि चष्मा यांवर करावा, कारण पितळेची चिप सुईसारखी डोळ्यांकडे येते. हातमोजे घालू नयेत आणि बारीक जॉबवर पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून धरू नये. सरावासाठी वर सांगितलेला खुंटच निवडावा: एकाच पकडीच्या क्रमाने दहा करावेत, पायाचे व्यास मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहावेत आणि दहांमधला फरक दोन शतांशांच्या आत येईपर्यंत इंजिनाच्या ड्रॉइंगला हात लावू नये. मला त्यासाठी तीन रविवार लागले.