घर बांधताना कार्बन वाढवणाऱ्या या चुका टाळा

सातारा-सांगलीकडं आता 'ग्रीन घर' म्हटलं की लोक आधी टेरेसवर सोलर कुठं बसतंय ते बघतात. सोलर बसवा, चांगलंच आहे, पण घराचा बराचसा कार्बन आपण राहायला जायच्या आधीच हवेत गेलेला असतो, सिमेंट आणि सळईपायी. सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशाला भाजतात, त्यात कोळसा जळतो तो वेगळाच, पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच सुटतो, त्यामुळं कारखाना सोलरवर चालवला तरी तो भाग तसाच राहतो. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात. पोती वाचवा, पैसेही वाचतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दुकानात जाऊन "५३ ग्रेडच द्या" (म्हणजे जास्त ताकदीचं साधं सिमेंट) म्हणायचं. त्यात जवळपास सगळा क्लिंकरच असतो, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणारे खडे. पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), म्हणजे तेवढा क्लिंकर कमी. साध्या घराच्या कॉलम-स्लॅबला पीपीसी बिनधास्त चालतं, प्लास्टरला ५३ ग्रेड तर निव्वळ उधळपट्टी. आता यावर "पीपीसी वापरलं आणि स्लॅब कच्चा राहिला" अशी तक्रार हमखास ऐकू येते. बऱ्याचदा दोष सिमेंटचा नसतो, घाईचा असतो. पीपीसी ताकद सावकाश धरतं, त्याला किमान १० दिवस पाणी लागतं, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात १४ दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. सेंट्रिंगवाल्याला काँक्रीटच्या साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो घाई करणारच, टेकू कधी काढायचे ते इंजिनिअरनं सांगायचं.

पाण्याचा घोळ तर स्लॅब ओतायच्या दिवशी मिक्सरपाशी उभं राहून बघा. एम-२० ला, म्हणजे घराला नेहमी वापरतात त्या ग्रेडच्या काँक्रीटला, एका पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, ते पण वाळूतला ओलावा धरून. इथं मिक्सरवाला पाइपच सोडतो, कारण माल सैल असला की पाट्या पटापट रिकाम्या होतात, मग कुणीतरी ओरडतं माल पातळ झाला, टाका अजून एक पोतं! पाण्याची चूक सिमेंटनं झाकायची. पाइप बाजूला ठेवून मापाची बादली ठेवा, पावसाळ्यात ओल्या वाळूचं पाणी वजा करा, माल घट्ट वाटला तर इंजिनिअरला विचारून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला आणि व्हायब्रेटर नीट फिरवा.

सळईचं पण तसंच. "सेफ्टीला दोन जादा टाकतो" म्हणणारा ठेकेदार मनानं चांगला असतो, पण गर्दी झाली की खडी खाली उतरत नाही, प्लेटा काढल्यावर कॉलमला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. खरी बचत ड्रॉइंगमध्ये आहे. वरच्या मजल्याच्या भिंती खालच्या भिंतींवर आल्या, कॉलम सरळ रेषेत आले की बीम आपोआप आटोपशीर होतात. पुढं मागं तीन मजले चढवू म्हणून आजच तसा पाया भरायचा असेल तर घरात बसून ते खरंच ठरवा. आणि उलट बाजूनं, कार्बन वाचवायच्या नादात काळ्या मातीत फूटिंग (कॉलमखालचा पाया) स्वतःच्या मनानं बारीक करू नका, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माती परीक्षणाला खर्च येतो, तो करा.

जुना वाडा पाडताना काळा दगड डंपरमध्ये भरून देऊन टाकतात आणि जोत्याला नवीन विटा आणतात, हे मला कधीच कळलं नाही. तोच दगड जोत्याला, कंपाउंडला लागतो, सागाच्या तुळया पण निघतात.

पश्चिमेला मोठी काच लावली की एसी आयुष्यभर चालवायचा. छज्जा द्या, टेरेसला पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करा, वरच्या खोलीत फरक जाणवतो.

सांगलीत पूर येणाऱ्या भागात असाल तर तळमजल्यावर प्लायवूडचं फर्निचर नकोच. २०१९ ला आणि परत २०२१ ला पूर ओसरल्यावर फुगलेल्या प्लायचे ढीग रस्त्यावर पडले होते. तेवढं सगळं परत बनवायचं म्हणजे कार्बन दुप्पट. कडप्प्याचे कप्पे करा, गाळ धुतला की परत डबे मांडता येतात.