व्हॅस्क्युलर ओपीडीत सोनोग्राफी शिकताना: कोन, दाब आणि खांदा

पोटाची सोनोग्राफी उत्तम करणारी माणसंही रक्तवाहिन्यांच्या ओपीडीत आली की सुरुवातीला अडखळतात. चित्र त्यांना छान मिळतं, पण आकडा चुकतो. इथलं बरंचसं निदान रक्ताच्या वेगावर ठरतं आणि मशीन तो वेग थेट मोजत नाही. ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन तुम्ही लावता, मशीन त्यावरून हिशेब करतं.

म्हणून कॅरोटिडपासून, म्हणजे मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या धमनीपासून, सुरुवात करताना कोनाची सवय आधी लावून घ्या. कर्सर, म्हणजे कोन लावायची पडद्यावरची रेघ, वाहिनीच्या भिंतीला समांतर हवा आणि कोन 60 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. खरा कोन 60 असताना कर्सर 65 वर राहिला, तर वेग साधारण 18 टक्के जास्त दिसतो. 70 च्या जागी 75 लागला, तर हीच चूक 32 टक्क्यांवर जाते. आतल्या, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या, कॅरोटिडमध्ये वेग 125 सेंमी प्रतिसेकंदाच्या वर 50 टक्के किंवा जास्त अरुंदपणा धरतात, 230 च्या वर 70 टक्के किंवा जास्त. 60 च्या जागी 65 लागला की 200 चा खरा वेग 236 दिसतो आणि पेशंट भलत्याच गटात जाऊन बसतो.

आतली कॅरोटिड कोणती आणि बाहेरची कोणती, यात नवखे हमखास फसतात. कानाच्या पुढे बोटाने हलक्या टिचक्या मारा. बाहेरच्या, म्हणजे चेहऱ्याकडे जाणाऱ्या, धमनीच्या वेगाच्या आलेखात त्या थरथर होऊन उमटतात. मानेत फांद्या फुटताना दिसल्या तर तीही बाहेरचीच.

धमनी ‘बंद’ लिहिण्याआधी हात आवरा. स्केल, म्हणजे मशीनवर लावलेली वेगाची मर्यादा, जास्त ठेवलेला असला की संथ प्रवाह दिसतच नाही आणि जेमतेम वाहणारी धमनी काळी दिसते. स्केल आणि वॉल फिल्टर (संथ हालचाली गाळणारी सेटिंग) उतरवा, कलर गेन (रंगाची संवेदनशीलता) ठिपके येईपर्यंत वाढवून किंचित मागे घ्या, पॉवर डॉप्लर (संथ प्रवाह टिपणारा मोड) लावून पाहा. एवढं करूनही काही दिसलं नाही, तरच तो शब्द लिहा.

पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी शोधताना मात्र डॉप्लरपेक्षा, म्हणजे प्रवाह मोजण्यापेक्षा, दाब महत्त्वाचा. प्रोब (अंगावर टेकवायचं यंत्र) आडवा धरून जांघेपासून खाली दर 1 ते 2 सेंमीवर दाबत जायचं. शिरेच्या दोन्ही भिंती पूर्ण चिकटल्या पाहिजेत. शेजारची धमनी किंचित चेपली जाईल इतका जोर लागतो. उभ्या छेदात दाबलं तर प्रोब शिरेवरून घसरतो आणि शीर मिटल्याचा भास होतो. मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते, तिथे दुसरा हात मांडीमागून वर लावून शीर प्रोबकडे ढकला. गुडघ्यामागची शीर पाहताना गुडघा थोडा वाकवून घ्या, ताठ पायात ती आपोआप चेपलेली असू शकते. जांघेतल्या मोठ्या शिरेचा आलेख दोन्ही बाजूंनी घ्या. एका बाजूला श्वासाबरोबरचा चढउतार नाहीसा झाला असेल, तर अडथळा वर, ओटीपोटात असू शकतो; ही तुलना कधीच गाळू नका. ताजी गुठळी नक्की दिसली की त्या जागी पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. पेशंट ओपीडीतून निघण्याआधी डॉक्टरांना तोंडी कळवा, कळवल्याची वेळ लिहा.

फुगलेल्या शिरांची तपासणी उभ्यानेच होते. तपासायचा पाय सैल, वजन दुसऱ्या पायावर, हाताला आधार. पोटरी दाबून पटकन सोडा आणि उलटा प्रवाह मोजा: वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून जास्त, मांडीच्या व गुडघ्यामागच्या खोल शिरांत 1 सेकंदाहून जास्त असेल तर शिरांच्या झडपांत दोष. बराच वेळ उभं राहून काहींना भोवळ येते, म्हणून खुर्ची हाताशी असू द्या.

घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढण्याआधी 5 ते 10 मिनिटं पेशंटला आडवं पडू द्या. 0.90 किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्यांचा आजार धरतात. 1.40 च्या वर आलं तर खूश होऊ नका. मधुमेहात कडक झालेल्या धमन्या रक्तदाबाच्या पट्ट्याने दबत नाहीत. तिथे पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्या.

आता खांदा. या कामात लोक आजारी पडतात ते खांद्याने, मानेने आणि मनगटाने. पेशंटला तुमच्याकडच्या कडेला सरकवून घ्या. कोपर अंगालगत ठेवा, दंड शरीरापासून 30 अंशांपेक्षा जास्त दूर नको, केबलचं वजन मनगटावर नको. लठ्ठ पायावर जोर लावायचा तर उभे राहून शरीराचं वजन वापरा. हे दुखायला लागल्यावर शिकणं फार महागात पडतं.

रिपोर्टमध्ये जे दिसलं नाही तेही नोंदवा. सूज जास्त होती आणि पोटरीतल्या पेरोनियल शिरा दिसल्या नाहीत, तर ‘सुजेमुळे पेरोनियल शिरा दिसल्या नाहीत’ असंच लिहा. तिथे नुसतं ‘गुठळी नाही’ लिहिलं, तर वाचणारा डॉक्टर त्या शिराही तपासल्या असं धरून चालतो.