महाविद्यालयातील मुलींसाठी स्तनपानावरील सत्र कसे घ्यावे

जागतिक स्तनपान सप्ताहाच्या, म्हणजे १ ते ७ ऑगस्टच्या, निमित्ताने महाविद्यालयात सत्र घ्यायचे असेल, तर सुरुवात व्याख्यानाने करू नये. प्रथम प्रत्येकीला कोरी चिठ्ठी द्यावी, नाव लिहायचे नाही असे स्पष्ट सांगावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: नवजात बाळाला दूध केव्हापासून पाजावे, आणि चारचौघांत पाजणारी आई दिसली तर तुम्हांला काय वाटते? पहिल्यातून माहिती कळते, दुसऱ्यातून मन कळते. आणि पहिल्याचे उत्तर अचूक लिहिणारी मुलगी दुसऱ्याला ‘किळस येते’ असे लिहू शकते, याची तयारी ठेवावी.

माहितीचा भाग लवकर आटोपतो. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे, सहा महिने पाणीही न देता केवळ आईचे दूध द्यावे, आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे देशातील प्रमाण ४१.८ टक्केच होते, हे आवर्जून सांगावे.

चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट दूध, पिळून टाकण्याचा किंवा बाळाला मध चाटवण्याचा विषय निघाला, की आजीची चेष्टा होऊ देऊ नये. बाळंतपणात याच मुलींना त्याच आजीशी बोलायचे असते. चिकात रोगप्रतिकारक घटक असतात आणि वर्षाच्या आतील बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, एवढे कारण पुरते.

खरा वेळ ‘दूध पुरले नाही तर?’ या भीतीला द्यावा. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते, म्हणून भीतीपोटी बाटली दिली की दूध खरोखरच कमी होऊ लागते. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. कापडी बाहुली घेऊन पकड दाखवावी: तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, तोंडात केवळ बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही.

नोकरीचा प्रश्न हमखास येतो. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. असंघटित क्षेत्रातील बहुतेकींपर्यंत मात्र हा कायदा पोहोचत नाही, हेही लपवू नये.

शेवटी दुसऱ्या प्रश्नाची चिठ्ठी पुन्हा लिहून घ्यावी आणि दोन्ही गठ्ठे मुलींसमोरच वाचून पाहावेत.