प्रजननाचा धडा पाठ करताय? या चुका टाळा

बारावी बायोलॉजीतला हा धडा आमच्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या कॉलेजात बरेचदा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सुटतो. घरात तो उघडून बसायची सोय नाही. मग कापूस वेचणी आटोपली की परीक्षेच्या तोंडावर गाईड घोकायचं, आणि घोटाळे तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडतं ते ‘अंडमोचन (अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडणं) 14 व्या दिवशी’. हा आकडा पाळीच्या 28 दिवसांच्या चक्रापुरता आहे. पाळी मागंपुढं होते ती बहुतेक वेळा पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती पिशवी) पिकायला कमी-जास्त दिवस लागल्यामुळे. अंडमोचनानंतर त्याच पुटिकेचा पीतपिंड होतो, तो टप्पा मात्र साधारण 14 दिवसांचाच राहतो. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे: 35 दिवसांचं चक्र असेल तर 21 व्या दिवसाच्या आसपास, 24 चं असेल तर 10 व्या. गाईडातली आकृती गिरवू नका. वही आडवी धरा, वर 1 ते 28 आकडे टाका आणि एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन अशा चार संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) रेघा एकाखाली एक काढा. आधी इस्ट्रोजेन चढतं, मग एलएच उसळतो, मग अंडमोचन. तुमची प्रोजेस्टेरॉनची रेघ त्याआधीच उंच गेली असेल तर खोडा आणि पुन्हा काढा.

अंडाशयातून पूर्ण तयार अंडं बाहेर पडतं, हेही चूक. बाहेर पडते ती द्वितीयक अंडपेशी. तिचं दुसरं अर्धसूत्री विभाजन शुक्राणू आत शिरल्यावर पुरं होतं. नीटवाल्यांनी हे सोडूच नये.

‘सर, चंद्रपूरले पारा 45 वर गेला त वृषणाचं कसं?’ प्रश्न झकास आहे. पण वृषण दोन-अडीच अंश थंड राहतात असं पुस्तक म्हणतं ते शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा, हवेपेक्षा नाही.

मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या एक्स-वायवर ठरतं, हे सगळे बरोबर लिहितात. घरी सुनेला बोल लागतो तेव्हा कुणी बोलत नाही, ते सोडा.

शेवटचा गोंधळ पुरुषांच्या नसबंदीचा. ‘माणूस कमजोर होतो’ असं उत्तरपत्रिकेतसुद्धा येतं! टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वृषणातल्या लेडिग पेशींतून थेट रक्तात जातं. कापलेल्या शुक्रवाहिनीशी त्याचा संबंधच नाही. वीर्यही तयार होतच राहतं, त्यात शुक्राणू तेवढे नसतात. तेही लगेच नाही: पुढे साचलेले संपायला सुमारे तीन महिने लागतात, तोवर दुसरं साधन वापरावं लागतं.