देशाचा विकास मुद्दल खाऊन चाललाय का, हे कसं तपासायचं

तृतीय वर्ष बी.ए.ला मानव विकास निर्देशांक (एचडीआय) शिकवायला घेतला की वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, आपला नंबर कितवा? 2025 च्या अहवालात 193 देशांत 130 वा, निर्देशांक 0.685. मुलं आकडा वहीत उतरवून घेतात आणि त्यांच्यापुरता विषय संपतो. मला तो तिथे संपू द्यायचा नसतो. आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि दरडोई उत्पन्न या तिन्हींतून हा आकडा येतो. आज लोक कसे जगतात ते तो बऱ्यापैकी सांगतो. पण हे जगणं पुढच्या पिढीला परवडेल का, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते तपासायची रीत मी मुलांकडून करून घेते. एक स्प्रेडशीट आणि एक दुपार पुरते.

एक देश निवडा. सुरुवातीला मी नॉर्वे देते, कारण तो यादीत कायम वर असतो आणि तेलावर श्रीमंत झालेला आहे. पहिल्या रकान्यात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून 1990 पासूनची एचडीआयची मालिका उतरवा. ती संपूर्ण मालिका एकाच, ताज्या अहवालातली हवी. जुन्या अहवालातला आकडा नव्याशेजारी ठेवू नका. दरवेळी मागची आकडेवारी सुधारली जाते आणि पद्धतही बदललेली असते. 0.800 च्या वर अतिउच्च, 0.700 पासून उच्च, 0.550 पासून मध्यम. या रकान्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची गरज नाही.

खरं काम दुसऱ्या रकान्यात आहे. जागतिक बँकेच्या खुल्या आकडेवारीत ‘अ‍ॅडजस्टेड नेट सेव्हिंग्ज’ नावाची मालिका मिळते. मी तिला खरी बचत म्हणते. हिशेब असा: देशाची एकूण बचत घ्या. त्यातून यंत्रं, इमारती, रस्ते यांचा घसारा वजा करा. शिक्षणावरचा चालू खर्च मिळवा, कारण शिकलेली माणसं हीसुद्धा संपत्तीच. मग तेल-वायू-कोळसा, खनिजं आणि जंगल यांची त्या वर्षात झालेली घट वजा करा, आणि शेवटी कार्बन व हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे झालेलं नुकसान. उरलेला आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडतात. तो वर्षानुवर्षं ऋण असेल तर देश मुद्दल खातोय. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एरिक नॉयमायर यांनी 2001 साली सुचवलं होतं की एचडीआय बदलूच नका, फक्त ज्या देशाची खरी बचत ऋण असेल त्याच्या एचडीआयवर ‘टिकेल याची खात्री नाही’ अशी खूण करा. मला ही सूचना अजूनही सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

एखाद्यानं वावर विकून पोरीला शिकवलं, तर घरात जमिनीच्या जागी दुसरी मिळकत आली. तेच पैसे लग्नाच्या मांडवात गेले तर काही उरलं नाही. देशाचंही तेच. नॉर्वेनं तेलाचा पैसा साठवायला 1990 साली कायद्यानं निधी उभारला, 1996 साली त्यात पहिली रक्कम पडली. आता सरकारनं त्यातून वर्षाला सरासरी 3 टक्क्यांच्या आसपासच काढावं असा नियम आहे. याच्या उलट नाउरू. पॅसिफिकमधलं 21 चौरस किलोमीटरचं बेट, 1968 साली स्वतंत्र झालं, आणि फॉस्फेटच्या जोरावर काही काळ दरडोई उत्पन्नात जगातल्या श्रीमंतांच्या पंगतीला बसलं. त्या पैशातून मेलबर्नमध्ये 52 मजली इमारतही उभी राहिली. ती 2004 साली कर्जापायी विकली गेली. बेटाचा बहुतांश भाग मात्र खणून उजाड झालेला आहे. आपल्याजवळचं उदाहरण हवं तर गोव्याचं पाहा: लोहखनिजाच्या विक्रीच्या किमतीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाकावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली सांगितलं. डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

आता हा रकाना वाचताना घ्यायची काळजी. एकच वर्ष बघून निकाल देऊ नका, निदान पंधरा वर्षं घ्या. तेलाच्या घटीची किंमत बाजारभावावरून काढतात. भाव कोसळला की तितकंच तेल उपसूनही घट कमी दिसते आणि बचत सुधारल्यासारखी वाटते. अंगोलाच्या आकड्यांशेजारी तेलाच्या भावाचा आलेख ठेवून बघा. दुसरं, लोकसंख्या. एकूण खरी बचत धन असली, पण माणसं संपत्तीहून वेगानं वाढत असली, तर दरडोई संपत्ती घटतच असते. म्हणून लोकसंख्यावाढीचा दर शेजारी लिहा.

आणि तिसरं, जे मला सगळ्यांत जास्त टोचतं. या हिशेबात भूजल नाही. मातीची धूप नाही, मासे नाहीत, जैवविविधता नाही. भारताची खरी बचत कित्येक वर्षं चांगली धन दिसते, आणि त्याच काळात आपण जगात सगळ्यांत जास्त भूजल उपसणारा देश आहोत. पंजाबात वर्षाला जेवढं पाणी जमिनीतून काढता येण्याजोगं आहे, त्याच्या दीडपटीहून जास्त काढलं जातं. माझं माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं. तिथे विहिरीवर पिकणारी शेती मी पाहिली आहे, आणि आता द्राक्षबागांसाठी 800 फूट खाली गेलेली बोअरही पाहते. त्या द्राक्षांचं उत्पन्न दरडोई उत्पन्नात मिळवलं जातं. संपलेलं पाणी कुठल्याच ओळीत वजा होत नाही. म्हणून मुलांना मी ‘शेरा’ नावाचा एक रकाना ठेवायला लावते आणि हिशेबातून सुटलेलं काय, ते त्यात लिहायला सांगते. या रकान्याला मी सगळ्यांत जास्त गुण देते.

पैशातला हिशेब इथवर नेतो. पण जंगल तोडून तेवढ्याच किमतीचा पूल बांधला तर हिशेब जुळतो, जंगल परत येत नाही. त्यासाठी तिसरा रकाना निसर्गाच्याच मापात हवा: पर्यावरणीय पाऊलखूण. देशातली माणसं जेवढं वापरतात, ते उगवायला आणि त्यांचा कार्बन शोषायला किती जमीन-पाणी लागेल, ते जागतिक हेक्टरात (जगाच्या सरासरी उत्पादकतेच्या हेक्टरात) मोजतात. जगात माणशी वाट्याला दीड हेक्टरच्या आसपास येतं. भारताची पाऊलखूण माणशी एका हेक्टरच्या आसपास आहे, म्हणजे जगाच्या मानानं आपण मर्यादेत. पण देशाची स्वतःची क्षमता त्याच्या निम्मीही नाही. दोन्ही तुलना लिहा, एक लिहून दुसरी झाकू नका. 2006 च्या एका जागतिक अहवालात उच्च एचडीआय आणि मर्यादेतली पाऊलखूण या दोन्ही कसोट्यांवर एकटा क्यूबा उतरला होता. त्याच्या पाऊलखुणेत सोव्हिएत मदत बंद पडल्यानंतरची टंचाईही होती, हे शेऱ्यात लिहावं लागतं.

2020 पासून विकास कार्यक्रम स्वतःच पर्यावरणावरचा ताण धरून एक दुरुस्त निर्देशांक देतो. तो हातानं करून बघा. त्या अहवालात नॉर्वेचा एचडीआय 0.957. माणशी कार्बन डायऑक्साइड साधारण 8.3 टन, त्याला नोंदलेल्या कमाल 68.72 टनांनी भागून आलेला आकडा 1 मधून वजा केला की गुण येतात 0.879. माणशी वापरलेलं साहित्य (खनिजं, इंधन, पिकं असा कच्चा माल) 38 टनांच्या आसपास, कमाल 152.58, त्याच रीतीनं गुण 0.751. दोन्हींची सरासरी 0.815, तिला 0.957 नं गुणलं की 0.78. नॉर्वे 15 क्रमांक खाली येतो, कोस्टा रिका 37 वर चढतो.

पण आता भाजक बघा. कमाल आकडे इतके अवाढव्य आहेत की माणशी 38 टन साहित्य वापरणाऱ्या देशालाही त्या मापात 75 टक्के गुण मिळतात. शिवाय कार्बन जिथे जळतो तिथे धरला जातो. नॉर्वेनं विकलेलं तेल दुसऱ्याच्या खात्यावर पडतं. म्हणून दुरुस्त निर्देशांकाशेजारी मूळ टन लिहाच.

शेवटी या सगळ्यांची सरासरी काढायचा मोह होतो. काढू नका. चांगल्या शाळा आटलेल्या पाण्याची भरपाई करतात असं सरासरी सांगते, आणि ते खरं नाही. प्रत्येक देशासाठी चार-पाच ओळी लिहा. भारताच्या माझ्या ओळी अशा: एचडीआय 0.685, मध्यम, उच्च गटाच्या उंबरठ्याजवळ. खरी बचत धन. पाऊलखूण जगाच्या वाट्यापेक्षा कमी, स्वतःच्या क्षमतेपेक्षा दुपटीहून जास्त. शेरा: भूजल धरलेलं नाही, राज्यवार उपशाची टक्केवारी केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालातून घेऊन जोडावी.