अकरावीचं घोडं अडतं ते नववीत: या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या फॉर्मसाठी घरोघरी धावपळ सुरू होते. ऐनवेळी जे अडतं, त्यातलं बरंचसं मात्र आठवी-नववीत आरामात उरकता आलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव, तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर येतं आणि पुढे जेईई-नीटच्या फॉर्मपर्यंत तेच चालतं. रजिस्टरला वडील ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘ज्ञानदेव’. कुठे आईचं नाव चुकलेलं, कुठे जन्मतारीख एका दिवसाने पुढे. नववीतच शाळेच्या कार्यालयातून रजिस्टरचा उतारा मागा. त्याच्याशेजारी जन्मदाखला आणि आधार ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंगसकट एकेक अक्षर ताडून पाहा. फरक सापडला तर पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. मूल शाळेत आहे तोवर हे जमतं. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती फार जड जाते.

दुसरी चूक जातीच्या दाखल्याची. दाखला दोन आठवड्यांत मिळेल असं धरून चालतात, पण वेळ खाते ती जुन्या पुराव्यांची शोधाशोध. अनुसूचित जाती-जमातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडच्या घराण्यातला. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत जुनं रजिस्टर पाहायला सांगा, तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद शोधा. वंशावळही आजच लिहून ठेवा. घरातली थोरली माणसं आहेत तोवर नावं बिनचूक मिळतात. पुढे जात पडताळणीलाही हेच कागद लागतात. नॉन-क्रिमिलेयर दाखला (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा) मात्र नववीत काढण्याची घाई करू नका. त्याला मुदत असते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी ती संपलेली निघते.

आता अभ्यास. नववीला बोर्ड नाही म्हणून गणित ढकलत नेलं, की फटका अकरावी सायन्सला बसतो. आमच्या मते ही चूक कागदांच्या चुकांहून मोठी आहे, कारण ती अर्ज देऊन सुधारत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या गणिताची सुरुवातच कोन आणि त्याचं मापन, मग त्रिकोणमिती अशी होते. फिजिक्समध्ये पहिलं प्रकरण एककांचं, पाठोपाठ सदिश. त्रिकोणमितीची ओळख नववीच्या भूमितीतच होते. तपासायची सोपी रीत अशी: पुस्तक मिटून दहाच्या घातांकांची पाच, बहुपदींची पाच, दोन चलांच्या समीकरणांची पाच आणि त्रिकोणमितीची पाच गणितं सोडवायला द्या. वीसपैकी पंधरा जमली नाहीत तर खासगी क्लासच्या जेईई-नीट फाउंडेशन बॅचची फी भरण्याआधी शालेय पुस्तकातले सरावसंच पुन्हा करून घ्या. पाया कच्चा असलेलं मूल तिथे फक्त उतरवून घेतं.

गणित नको म्हणून अकरावीला ते सोडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: इंजिनीअरिंग आणि एनडीएमधून नौदल-हवाई दल, दोन्हींना बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं. इंजिनीअरिंगची दुसरी वाट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाची, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पण गणिताची सुटका तिथेही नाही.

आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा तर कितीतरी घरांना माहीतच नसते. शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकणारं मूल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना सवलत), एवढं जुळलं तर परीक्षेला बसता येतं. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. संधी आठवीतच असते, म्हणून शाळा उघडताच मुख्याध्यापकांना फॉर्मचं विचारा.

चित्रकलेची आवड असेल तर शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत उरकून टाका. दहावीच्या वर्षी वस्तुचित्राच्या सरावाला वेळ मिळत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीतले सवलतीचे गुण मात्र आपोआप चढत नाहीत. दहावीत असताना शाळेकडून बोर्डाला प्रस्ताव जावा लागतो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत वर्गशिक्षकांकडे वेळेत द्या.